परवाना मान्य, अनुभव अमान्य

ब्रिस्टल किंवा लीड्ससारख्या शहरात वीस वर्षे मोटार चालवून, त्या अवधीत एकदाही कोणाला धक्का न लावलेला एखादा इंग्रज गृहस्थ सहकुटुंब कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात स्थायिक होण्यासाठी येतो. साठ दिवसांच्या आत त्याला त्या प्रांताचा परवाना काढावा लागतो. सरकारी कचेरीत तो आपला ब्रिटिश परवाना पुढे करतो. दोन वर्षांहून अधिक अनुभव असल्यामुळे त्याची लेखी परीक्षा होत नाही, रस्त्यावरची चाचणीही होत नाही. दृष्टी तपासली जाते, शुल्क घेतले जाते आणि खासगी मोटारीचा पूर्ण परवाना त्याला मिळतो. तेथून तो विमा दलालाकडे जातो. उत्तर अमेरिकेत आपण किती वर्षे विमा उतरविला आहे, असा प्रश्न तेथे त्याला विचारण्यात येतो. या प्रश्नाला त्याच्याजवळ एकच उत्तर असते, आणि त्या उत्तराबरोबर त्याची वीस वर्षांची पुण्याई लयाला जाते. कालपरवा परवाना मिळालेल्या पोरांच्या पंक्तीला त्याला बसविले जाते आणि ब्रिटनमध्ये भरत असलेल्या हप्त्याच्या दुप्पट-तिप्पट आकडा त्याच्यापुढे ठेवला जातो.

कॅनडात गेलेल्या ब्रिटिश मंडळींची ही तक्रार जुनी आहे. तिच्या जोडीला दुसरी एक तक्रार हमखास असते. ‘आम्हाला नवशिके ठरविणाऱ्या या देशात लोक मोटारी कशा चालवितात ते तरी पाहा!’ अशा शब्दांत ती मांडली जाते. या दोन तक्रारींची नेहमी सरमिसळ होते. वास्तविक त्या वेगवेगळ्या आहेत आणि त्यांचे निवाडेही वेगवेगळे आहेत. पहिलीत बरेच तथ्य आहे. दुसरीत थोडे तथ्य आणि थोडा अहंकार आहे. या दोन्हींच्या पलीकडे आणखी एक प्रश्न आहे. तो केवळ ब्रिटिशांचा नसून, पोट हातावर घेऊन देशांतर करणाऱ्या प्रत्येक माणसाचा आहे. एका देशात कमावलेली सचोटी दुसऱ्या देशात चलनी का ठरू नये, हा तो प्रश्न होय.

ब्रिटनमध्ये मोटारीचा विमा सक्तीचा झाला तो १९३० च्या कायद्याने. तेव्हापासून तेथील विमा व्यवसायाने ‘नो क्लेम बोनस’ची प्रथा चांगलीच रुजविली. एक वर्ष दावा न करता गेले की पुढील वर्षीच्या हप्त्यात सूट, आणखी एक वर्ष गेले की आणखी सूट, अशी ही चढती कमान असते. सामान्य ब्रिटिश कुटुंब हा बोनस घरातल्या चांदीच्या भांड्यांसारखा जपते. बंपरला किरकोळ खरचटले तर दावा न करता माणसे पदरमोड करून दुरुस्ती करतात. कारण दाव्यातून मिळणाऱ्या पैशापेक्षा बोनसचे मोल मोठे असते. या हिशेबात नैतिक शिस्तीचा भाग आहे. सावधपणे गाडी चालविणाऱ्याला त्याच्या सावधपणाचे फळ मिळते आणि समाजाला सुरक्षित रस्ते मिळतात. ही भांडी अटलांटिक ओलांडताच कथलाची ठरावीत, याचे वैषम्य वाटणे स्वाभाविक आहे.

कॅनडातील व्यवस्था समजून घेतल्याखेरीज मात्र या तक्रारीचे मोजमाप होणार नाही. मोटारीचा परवाना आणि मोटारीचा विमा हे दोन्ही विषय तेथे संघराज्य सरकारकडे नसून प्रांतांकडे आहेत. त्यामुळे कॅनडात एक विमा पद्धत नाही. प्रांत बदलला की पद्धत बदलते. सस्कॅचेवानमध्ये टॉमी डग्लस यांच्या समाजवादी सरकारने १९४६ साली सक्तीचा सरकारी मोटार विमा आणला. मॅनिटोबाने १९७१ साली तोच मार्ग धरला. ब्रिटिश कोलंबियात डेव्ह बॅरेट यांच्या सरकारने १९७३ साली प्रांतिक विमा महामंडळ स्थापिले. क्वीबेकने १९७८ पासून शारीरिक इजेची भरपाई सरकारकडे घेतली आणि गाडीच्या नुकसानीचा विमा खासगी कंपन्यांकडे ठेवला. ऑन्टॅरिओ, अल्बर्टा आणि अटलांटिक किनाऱ्यावरील प्रांत यांत हा व्यवसाय खासगी कंपन्यांच्या हाती आहे. ऑन्टॅरिओत या कंपन्यांना आपले दर आणि विमा देण्याघेण्याचे नियम प्रांताच्या नियामक संस्थेकडे दाखल करावे लागतात. दर मंजूर झाल्याखेरीज ते लागू करता येत नाहीत. म्हणजेच परदेशी अनुभव मोजायचा की नाही, याविषयीचा कंपनीचा नियमही सरकारी दप्तरातून गेलेला असतो.

नेमकी येथेच विसंगती आहे. परवाना देणारे सरकार सांगते की या माणसाचा परदेशातील अनुभव आम्हाला पूर्णपणे मान्य आहे. आमच्या रस्त्यावर एकटा सोडण्यास तो योग्य आहे. दर मंजूर करणारी त्याच सरकारची यंत्रणा मात्र तोच अनुभव शून्य धरून काढलेल्या हप्त्यावर शिक्का मारते. माणूस तोच, हात तेच, गाडीही तीच. एका खिडकीवर तो जाणता आणि दुसऱ्या खिडकीवर अजाण. दोन्ही निर्णय एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत. तो खरोखर नवशिका असेल, तर चाचणीवाचून त्याला परवाना देणे हा लोकांच्या जीवाशी खेळ आहे. तो नवशिका नसेल, तर त्याच्याकडून नवशिक्याचा हप्ता घेणे ही सरकारच्या साक्षीने केलेली जादा वसुली आहे.

विमा कंपन्यांची बाजू अगदीच लंगडी आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. विमा हा भूतकाळावरून भविष्याचा अंदाज बांधण्याचा धंदा आहे, आणि हा अंदाज बांधण्यासाठी पडताळून पाहता येईल असा पुरावा लागतो. कॅनडात एका कंपनीला दुसऱ्या कंपनीकडचा दाव्यांचा इतिहास पाहता येतो. ब्रिटनमधील कागद मात्र विमेदार स्वतः घेऊन येतो, आणि त्या कागदाची रीत निराळी असते. ब्रिटिश कंपनी पुष्कळदा ‘नऊ किंवा अधिक वर्षे’ एवढाच मोघम उल्लेख करते. विमा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होता, चालक कोण कोण होते, दावे किती झाले, हा तपशील कॅनडातील कंपनीला हवा असतो. शिवाय ब्रिटनमध्ये बोनस ज्याच्या नावे पॉलिसी त्याचा. पॉलिसीत केवळ चालक म्हणून नाव असलेल्या पत्नीने पंचवीस वर्षे मुलांना शाळेत पोचविले असले, तरी बहुधा तिच्या खात्यावर काहीही जमा नसते. कंपनीने दिलेली मोटार चालविणाऱ्या नोकरदाराचीही तीच गत. अशा माणसांना बोनस कशाच्या आधारावर द्यायचा, हा प्रश्न अडवणुकीचा नाही. तो रास्त आहे.

कंपन्यांचा दुसरा युक्तिवाद रस्त्यांविषयीचा आहे. ब्रिटनमधील अनुभव हा डाव्या बाजूने गाडी चालविण्याचा अनुभव आहे. तो सौम्य हिवाळ्यातला, आखूड अंतरांचा आणि चौकाचौकातल्या सर्कलांचा अनुभव आहे. कॅनडात गाडी उजव्या बाजूने चालते. जानेवारीत डांबरावर डोळ्यांना न दिसणारा बर्फाचा पातळ थर धरतो. ब्रेक दाबला की गाडी थांबते, ही वीस वर्षांची समजूत त्या थरावर एका क्षणात खोटी ठरते. न्यूफाउंडलंडमध्ये संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात मूस नावाचे अजस्र जनावर रस्त्यात उभे ठाकते. पिवळ्या शाळाबसने लाल दिवे लुकलुकवले, की मधे दुभाजक नसलेल्या रस्त्यावर दोन्ही दिशांची वाहतूक थांबवावी लागते. ऑन्टॅरिओत हा नियम मोडणाऱ्यास पहिल्याच वेळी चारशे ते दोन हजार डॉलर दंड होतो आणि त्याच्या परवान्यावर सहा दोषांक चढतात. टोरांटोत ट्राम थांबून तिचे दार उघडले, की मागच्या मोटारीला जागच्या जागी थांबावे लागते. लाल दिव्यावर थांबून, रस्ता मोकळा पाहून उजवीकडे वळण्याची मुभा जवळजवळ सर्वत्र आहे. माँट्रियल बेटावर मात्र ती नाही. यातले काहीही ब्रिटनमधील अनुभवाने आपोआप येत नाही.

तरीही या युक्तिवादाचा निष्कर्ष शून्य हा होत नाही. गाडी चालविण्याच्या कौशल्याचे दोन भाग असतात. एक भाग स्थानिक असतो: बाजू, नियम, हवामान, रस्ते. दुसरा भाग स्वभावाचा असतो: अंतर राखणे, आरशात पाहणे, दुसऱ्याची चूक आधीच हेरणे, संताप गिळणे, पिऊन गाडीला हात न लावणे. पहिला भाग काही महिन्यांत शिकता येतो. दुसऱ्याला वर्षे लागतात. अठरा वर्षांच्या मुलाकडून विमा कंपनी अधिक पैसे घेते, ते त्याला नियम ठाऊक नसतात म्हणून नव्हे. नियम त्याला तोंडपाठ असतात. त्याच्या अंगी मुरलेला विवेक नसतो. पंचेचाळीस वर्षांच्या, वीस वर्षे निर्धोक गाडी चालविलेल्या माणसाला याच मुलाच्या रांगेत उभे करणे, हे विमाशास्त्राच्या तत्त्वालाच सोडून आहे.

हप्त्याच्या आकड्यामागे केवळ चालकाची लायकी असते, हा नवागतांचा समज मात्र दूर व्हायला हवा. ऑन्टॅरिओत हप्ता ठरताना विमेदार कोणत्या पिनकोडमध्ये राहतो, याला मोठे महत्त्व असते. टोरांटोला लागून असलेले ब्रॅम्प्टन त्या प्रांतातील सर्वांत महागड्या विभागांत मोडते. त्या शहरातून शंभर किलोमीटर दूर राहायला गेलेला माणूस एका रात्रीत अधिक चांगला चालक होत नाही, पण त्याचा हप्ता उतरतो. सुक्याबरोबर ओले जळते, तसे विभागाच्या नावाबरोबर तेथील निर्धोक चालकही भरडले जातात. त्यात गेल्या काही वर्षांत मोटारचोरीची भर पडली. २०२२ साली कॅनडात एक लाखाहून अधिक मोटारी चोरीस गेल्या. २०२३ साली चोरीच्या दाव्यांपोटी विमा कंपन्यांना सुमारे दीड अब्ज डॉलर मोजावे लागले. दारातली गाडी रातोरात कंटेनरमध्ये घालून माँट्रियलच्या बंदरातून परदेशी रवाना करणाऱ्या टोळ्यांनी एवढा उच्छाद मांडला, की फेब्रुवारी २०२४ मध्ये ओटावात या एकाच विषयावर राष्ट्रीय परिषद भरवावी लागली. चोराने नेलेल्या मोटारीची किंमत शेवटी न चोरलेल्या मोटारींचे मालक भरतात, आणि त्यांत कालच आलेला इंग्रजही असतो.

सरकारी विमा आला की हा प्रश्न सुटतो, असे मानणाऱ्यांनी ब्रिटिश कोलंबियाचा इतिहास पाहावा. तेथील महामंडळाला २०१७-१८ या आर्थिक वर्षात सुमारे १.३ अब्ज डॉलर तोटा झाला, आणि त्या वेळचे कायदेमंत्री डेव्हिड ईबी यांनी या कारभाराला पेटलेल्या कचराकुंडीची उपमा दिली. किरकोळ इजांसाठीही वर्षानुवर्षे चालणारे कोर्टातील दावे आणि त्यांवरील वकिलांचा खर्च हे या आगीचे एक प्रमुख इंधन होते. १ मे २०२१ पासून त्या प्रांताने अपघाताबद्दल फिर्याद करण्याचा हक्क बहुतांशी काढून घेतला आणि त्याबदल्यात वैद्यकीय उपचार व भरपाई यांची हमी दिली. हप्ते सरासरीने सुमारे वीस टक्क्यांनी उतरले. स्वस्ताई आली, पण जखमी माणसाचा न्यायालयात जाण्याचा अधिकार आक्रसला. विम्यात फुकट काहीच मिळत नाही. कोणी हप्त्यात भरतो, कोणी हक्कात भरतो, एवढाच काय तो फरक. तथापि ब्रिटिश कोलंबियातील महामंडळाने एक गोष्ट दाखवून दिली आहे. परदेशातील परवान्याची नोंद आणि दाव्यांचा इतिहास यांची कागदपत्रे तपासून त्यांचा विचार करण्याची पद्धत तेथे आहे. म्हणजे परदेशी अनुभव पडताळताच येत नाही, हा खासगी कंपन्यांचा दावा टिकणारा नाही.

आता दुसऱ्या तक्रारीकडे वळू. कॅनडातील लोकांना गाडी चालविता येत नाही, असे ब्रिटिश मंडळी छातीठोकपणे सांगतात. इशारा न देता लेन बदलणे, महामार्गावर उजवीकडून पुढे जाणे, पुढच्या गाडीच्या शेपटीला चिकटून धावणे, हे दोष ते मोजून दाखवितात. या निरीक्षणात सत्यांश आहे. २०२२ साली ग्रेट ब्रिटनमध्ये रस्त्यांवर सुमारे १,७०० माणसे दगावली. कॅनडात सुमारे १,९००. ब्रिटनची लोकसंख्या साडेसहा कोटींच्या वर, तर कॅनडाची चार कोटींच्या आत. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहता कॅनडातील रस्ता जवळजवळ दुप्पट प्राणघातक ठरतो. कॅनडात माणूस वर्षाकाठी अधिक अंतर कापतो, हे ध्यानात घेतले तर ही तफावत कमी होते. पण ती पुसली जात नाही.

ब्रिटनमधील परीक्षाही कडक आहे. तेथे लेखी परीक्षा होते. २००२ पासून चित्रफितीवर धोका ओळखून दाखवावा लागतो. त्यानंतर सुमारे चाळीस मिनिटांची प्रत्यक्ष चाचणी असते आणि तीत बसणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक उमेदवार नापास होतात. तीन वर्षांहून जुन्या मोटारीची दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते. ऑन्टॅरिओत खासगी मोटारीला अशी वार्षिक तपासणी नाही. चाचण्यांचा अनुशेष साचल्यामुळे जानेवारी २०२२ मध्ये त्या प्रांताने अंतिम चाचणीतून दोन गाड्यांमध्ये गाडी लावणे, तीन टप्प्यांत गाडी वळविणे अशा कसोट्या वगळल्या. या कसोट्या आधीच्या टप्प्यात झालेल्याच असतात, असे कारण दिले गेले. अनुशेष उमेदवारांचा होता; कात्री मात्र परीक्षेला लागली.

परंतु चित्राची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ऑन्टॅरिओने १९९४ सालीच नवशिक्यांसाठी टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत सुरू केली. तीत शिकाऊ ते पूर्ण परवाना या प्रवासास सामान्यतः वीस महिने ते दोन वर्षे लागतात आणि वाटेत रस्त्यावरच्या दोन चाचण्या असतात. ब्रिटनमध्ये सतरा वर्षांचा मुलगा एकच चाचणी उत्तीर्ण होऊन त्याच रात्री मित्रांनी भरलेली गाडी घेऊन निघू शकतो. मोटारीत पुढे बसणाऱ्यांना पट्टा सक्तीचा करण्यास ब्रिटनला १९८३ साल उजाडावे लागले. ऑन्टॅरिओने १९७६ च्या आरंभीच तो सक्तीचा केला होता. दारूच्या बाबतीत इंग्लंडची मर्यादा अद्याप शंभर मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम आहे. कॅनडातही फौजदारी मर्यादा तीच असली, तरी बहुतेक प्रांतांत ५० मिलिग्रॅमपासूनच परवाना जागच्या जागी रोखला जातो. डिसेंबर २०१८ पासून तेथील पोलीस कोणताही संशय नसतानाही श्वासाची तपासणी करू शकतात. तेव्हा शिस्तीचे सगळे पाठ लंडनहूनच निघतात, असे समजण्याचे कारण नाही.

शिवाय अपरिचित ते अयोग्य, ही परदेशस्थाची जुनीच खोड आहे. चार दिशांना चार ‘थांबा’चे फलक असलेला चौक इंग्रजाला प्रथम वेडगळ वाटतो. कोण आधी आला याचा हिशेब चारही चालकांनी मनातल्या मनात ठेवायचा आणि पाळीपाळीने निघायचे, ही रीत त्याच्या पचनी पडत नाही. वस्तुतः तीत परस्परविश्वास आणि सौजन्य यांचा जेवढा कस लागतो, तेवढा क्वचितच दुसरीकडे लागत असेल. कॅनडातील माणसाला मॅंचेस्टरच्या सर्कलात सोडले, तर त्याचेही असेच मत होईल. ज्या उजव्या बाजूने ब्रिटिश माणूस बावचळतो, तीही कॅनडाच्या काही भागांना तशी अलीकडचीच आहे. व्हँकूव्हर शहरात १९२२ पर्यंत, नोव्हा स्कोशियात १९२३ पर्यंत आणि त्या वेळी कॅनडात नसलेल्या न्यूफाउंडलंडमध्ये १९४७ पर्यंत वाहने डावीकडूनच धावत होती. अवघ्या प्रांताने एका दिवसात बाजू बदलली आणि पुढे सर्वांना ती अंगवळणी पडली. जे प्रांतांना साधले ते एका माणसाला काही आठवड्यांत साधू नये, असे विमा कंपन्यांनी तरी कोणत्या आधारावर धरावे?

या वादात ब्रिटिशांचा आवाज मोठा आहे, कारण त्यांचा भ्रमनिरास मोठा आहे. भाषा तीच, राजा तोच, परवाना चालतो, मग विमा का नाही, असे त्यांना वाटते. पण त्यांच्यापेक्षा खालच्या पायरीवर उभी असलेली माणसे याच कॅनडात लाखोंनी आहेत. पुण्याहून किंवा ठाण्याहून मिसिसागाला गेलेल्या मराठी अभियंत्याची गोष्ट घ्या. त्याचा भारतीय परवाना ऑन्टॅरिओत बदलून मिळत नाही. त्याला लेखी परीक्षा द्यावी लागते. एका वर्षाहून अधिक अनुभव मोजून घ्यायचा तर आपल्या परवाना कार्यालयाचे किंवा वकिलातीचे अधिकृत पत्र आणावे लागते. दोन वर्षांचा अनुभव सिद्ध झाला तर अंतिम चाचणीला थेट बसण्याची एक संधी मिळते. ती हुकली तर खालच्या पायरीपासून चढण. एवढे करून परवाना मिळाला, तरी विम्याच्या खिडकीवर त्याचा अनुभवही बहुधा शून्यच. एवढ्यापुरते तो आणि इंग्रज एकाच माळेचे मणी. इंग्रजाला निदान एका खिडकीवर मान मिळतो. याला दोन्हीकडे तिष्ठत राहावे लागते.

गंमत अशी की, या बाबतीत भारताची नियमावली अधिक उदार निघाली. भारतात दावा न करणाऱ्यास स्वतःच्या गाडीच्या विम्यावर पहिल्या वर्षी वीस टक्के आणि पुढे वाढत वाढत पन्नास टक्क्यांपर्यंत सूट मिळते. २००२ च्या भारतीय मोटार दरपत्रकात परदेशात मिळविलेला बोनस, तेथील पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत भारतात पॉलिसी घेतल्यास मान्य करण्याची तरतूद लिहून ठेवलेली होती. मुंबईच्या रस्त्यांचा अनुभव टोरांटोत कवडीमोल. टोरांटोतील कागद मात्र मुंबईच्या दरपत्रकाने ग्राह्य धरला. विमाशास्त्रात मुरलेल्या देशांना जे अशक्य वाटते, ते येथे एका कलमात बसले.

यावर कोणी म्हणेल, की चार डॉलर जादा भरावे लागले तर एवढा गहजब कशाला? कॅनडातील जीवनक्रम ज्याला माहीत आहे, तो असे म्हणणार नाही. मोठ्या शहरांचा मध्यभाग सोडला, तर तेथे मोटार ही चैन नाही. ती पायातल्या वहाणेसारखी गरज आहे. रात्रपाळी संपवून पहाटे उणे वीस अंशांत घरी परतणारी परिचारिका बसची वाट पाहू शकत नाही. नवागताची पहिली दोन वर्षे तशीही ओढग्रस्तीची असतात. घरभाडे, अनामत, मुलांचे गरम कपडे, हिवाळी टायर या खर्चांच्या बरोबरीने विम्याचा अव्वाच्या सव्वा हप्ता उभा राहतो. तो भरता आला नाही तर नोकरी दुरावते. न भरता गाडी चालविली तर ऑन्टॅरिओत पहिल्याच गुन्ह्याला किमान पाच हजार डॉलर दंड आहे. कोणत्याच कंपनीने नेहमीच्या अटींवर दारात उभे केले नाही, तर सर्व कंपन्यांनी मिळून चालविलेल्या अखेरच्या आसऱ्याकडे जावे लागते आणि तेथील दर तर त्याहून चढे. देशाला परिचारिका, सुतार, वीजतंत्री आणि अभियंते हवेत म्हणून त्यांना बोलवायचे आणि कामावर जाण्याच्या वाटेवरच त्यांची कोंडी करायची, याला शहाणे धोरण म्हणत नाहीत.

उपाय फार अवघड आहेत असे नाही. ज्या देशाचा परवाना प्रांतिक सरकार चाचणीवाचून बदलून देते, त्या देशातील अनुभवाचा निदान काही भाग विम्यासाठी धरलाच पाहिजे, अशी अट दर मंजूर करणाऱ्या संस्थेने घालावी. परवान्यांविषयीचे परस्पर करार करताना चालकाच्या नोंदी परस्परांना पुरविण्याचे कलमही त्यांत असावे. म्हणजे कागदांच्या खरेखोटेपणाचा वाद मिटेल. भारतासारख्या ज्या देशांशी असे करार नाहीत, तेथून आलेल्या माणसाने रस्त्यावरची अंतिम चाचणी उत्तीर्ण होऊन आपली लायकी कॅनडाच्याच परीक्षकापुढे सिद्ध केलेली असते. त्याला पुन्हा शून्यावर आणण्याचे प्रयोजन काय? स्थानिक उणिवांसाठी हिवाळ्यातील वाहनचालनाचा छोटा अभ्यासक्रम ठेवावा आणि तो पुरा करणाऱ्याचा हप्ता उतरवावा. हिवाळी टायर बसविणाऱ्यास सूट देण्याचे बंधन ऑन्टॅरिओने २०१६ पासून कंपन्यांवर घातले आहे. टायरला जी सूट मिळते ती चालकाच्या शिक्षणाला नाकारण्याचे कारण नाही. पहिले वर्ष निर्धोक गेले, की जुना अनुभव पूर्णपणे जमेस धरावा. कंपनीला सावधगिरीसाठी बारा महिने मिळतील आणि नवागताला डोळ्यांपुढे एक तारीख दिसेल.

नवागतांनीही आपल्या बाजूने काही करावयास हवे. देश सोडण्यापूर्वी विमा कंपनीकडून तारखा, चालकांची नावे आणि दाव्यांचा तपशील असलेले पत्र मागून घ्यावे. ते पती आणि पत्नी या दोघांच्याही नावे घ्यावे. एका दलालाच्या नकारावर न थांबता चार दारे ठोठवावीत, कारण कंपनीगणिक नियम निराळे असतात. आणि पहिला हिवाळा येण्यापूर्वी, आपल्याला सर्व काही येते हा अभिमान थोडा बाजूला ठेवून, एखाद्या स्थानिक शिक्षकाबरोबर चार दिवस गाडी चालवावी. कॅनडाच्या चालकांना नावे ठेवीत बर्फात घसरण्यापेक्षा त्यांच्याकडून बर्फात न घसरण्याची विद्या घेणे अधिक फायद्याचे आहे.

विम्याचा पाया विश्वासाचा आहे, असे विमा कंपन्याच आपल्या माहितीपत्रकांतून सांगत असतात. विमेदाराने काहीही न लपविता खरे सांगावे, ही त्यांची पहिली अट असते. मग खरे सांगणाऱ्याचे ऐकून घेणे, ही त्यांच्यावरची पहिली जबाबदारी ठरते. वीस वर्षांत एकाही माणसाला इजा न करणे, ही कोणत्याही देशात लहानसहान कमाई नव्हे. तिची नोंद चुकीच्या देशात झाली, एवढ्या कारणावरून ती खोडून टाकणारी व्यवस्था जोखीम मोजीत नाही. ती केवळ पत्ता मोजते.